फरशीवर आकडा आहे, नावं शाळांनी शोधावीत

दख्खनच्या खेड्यांत हिंडताना कधी वेशीच्या भिंतीत, कधी चावडीच्या ओट्यावर, तर कधी जुन्या मराठी शाळेच्या दाराशी एक लहानशी संगमरवरी फरशी नजरेला पडते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने या फरशा गावोगाव बसवल्या. मजकूर इंग्रजी आणि ठरावीक साच्याचा: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावागणिक बदलतो तो फक्त आकडा.

नाव एकाचंही नाही.

शंभर वर्षं उलटली. कुठे फरशीवर चुन्याचे हात बसले, कुठे रस्ता रुंद करताना ती उखडली गेली. ज्या घरातला माणूस त्या आकड्यात मोजला गेला, त्या घरालाही आता ते ठाऊक नसतं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या शाळांनी हे काम अंगावर घ्यायला हवं. आपल्या गावातून लढाईवर गेलेल्या प्रत्येकाचं नाव शोधायचं, त्याची पलटण आणि शक्य तर त्याच्या मरणाची जागा शोधायची आणि ते सगळं गावाच्या भिंतीवर व शाळेच्या दप्तरात कायमचं नोंदवायचं. पुतळा नको, कमान नको. नावं हवीत. आणि ती आत्ता हवीत, कारण दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या सैनिकांची मुलं आता ऐंशीच्या घरात आहेत. बाप कुठे गेला होता आणि परत आल्यावर काय बोलायचा, हे सांगू शकणारी ती शेवटची माणसं.

लढाईत पडलेल्या माणसाची आठवण दगडावर ठेवण्याची रीत या मुलखाला नवी नाही. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठच्या देवळांपाशी वीरगळ दिसतात. खाली झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. पुष्कळ वीरगळांवर अक्षर नसतं. गावाला तो वीर कोण होता हे तेव्हा पाठ होतं, त्यामुळे लिहायची गरज भासली नसावी. पुढे ती पिढी गेली, आणि तोच दगड आज कित्येक ठिकाणी देवळाच्या पायरीला किंवा पाराला लावलेला असतो.

त्यानंतरचा मोठा दगड या परिसरात सगळ्यांना माहीत आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून मुंबई फौजेच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, पुणे ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार आणि दोन तोफा घेऊन कॅप्टन स्टॉन्टन निघाला. रात्रभर चालून ही तुकडी सकाळी भीमेच्या काठी कोरेगावला पोचली. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईचा स्तंभ नदीपलीकडे पेरणेच्या हद्दीत उभा आहे. त्याची पायाभरणी १८२१ ची. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांतली २२ नावं ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले. तेव्हापासून त्या दिवशी तिथे येणाऱ्यांची रीघ लागली. हा स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू आपल्या विजयाची द्वाही फिरवण्याचा होता, हे उघड आहे. पण शिपायांची नावं त्यावर कोरलेली होती, म्हणूनच पुढे त्यांच्या वंशजांना आणि समाजाला ती आपली म्हणून हाती धरता आली. ज्या फरशीवर नुसता आकडा आहे, तिच्यापाशी असं कोण येणार?

हे ध्यानात घेतलं की पुढची गोष्ट फार लागते. १८२१ मध्ये साध्या शिपायाचं नाव दगडावर कोरणारी राजवट शंभर वर्षांनी खेड्यातल्या फरशीवर नुसती संख्या घालून मोकळी झाली. शिरूरमध्ये कर्नल विल्यम वॉलेस या १८०९ मध्ये वारलेल्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. आसपासच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष मानून तिथे नैवेद्य दाखवत, असं जुन्या गॅझेटिअरमध्ये नमूद आहे. परक्या माणसाच्या कबरीला इतक्या मोकळ्या मनाने जपणाऱ्या गावांनी आपल्याच पोरांची नावं का हरवू द्यावीत?

ही पोरं गेली कुठे? पुष्कळशी आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. तिकडे गेलेल्या फौजेचं नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होतं. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत या गावात तुर्कांनी या फौजेला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला. अन्न संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापली गेली. हिंदी शिपायांनी ते मांस खायला बराच काळ नकार दिला. ते खाण्याला हरकत नाही असं हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून कळावं, म्हणून सेनापती टाउनशेंडने बिनतारी संदेशाने खटपट केली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि सुमारे १३ हजार माणसं कैदेत पडली. उन्हातान्हात शेकडो मैल चालवत नेलेल्या या कैद्यांतले पुष्कळ जण वाटेतच मेले, कित्येक तुर्कांच्या रेल्वेच्या कामावर खपले. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता.

मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडत नाही अशांसाठी बसरा स्मारक उभारलं गेलं. तिथे ४० हजारांहून अधिक जणांचं स्मरण आहे. ब्रिटिश सैनिकाचं नाव भिंतीवर आलं, हिंदी अधिकाऱ्याचंही आलं. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीखालचा आकडा आला. म्हणजे गावात आकडा आणि जिथे मेला तिथेही आकडाच. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये यावर अहवाल काढला. त्यात किमान १ लाख १६ हजार मृतांचं स्मरण नावानिशी झालं नाही किंवा मुळी झालंच नाही, असं मान्य केलं. ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकते. या मृतांतले बहुतेक आफ्रिकेतले, आशियातले आणि मध्यपूर्वेतले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्याबद्दल पार्लमेंटात माफीही मागितली. माफी मागून लंडनचं काम पुढे सरकेल, पण यातला कोणता गणपत कुणाचा हे लंडनला कळणार नाही. ते गावालाच शोधावं लागेल.

शोध सुरू कुठून करायचा? याच कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी विनामूल्य पाहता येते. पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. मात्र सगळं त्या काळच्या इंग्रजी वळणाने लिहिलेलं. पुण्याचं ‘पूना’, शिरूरचं ‘सिरूर’ आणि दौंडचं ‘धोंड’. एकाच गावाचं नाव तीन कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. दौंडच्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्या काळी हा भाग भीमथडी तालुक्यात मोडायचा. ज्या भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आपल्या राज्यगीतात आहे, तीच ही भीमथडी. संगणकावर ‘दौंड’ टाकून हाती काही लागलं नाही म्हणून मुलं निराश होतील, आणि भीमथडी टाकल्याबरोबर कदाचित गावातलंच एखादं आडनाव समोर येईल. इतिहास, भूगोल आणि इंग्रजी असे तीन विषय एका दुपारी शिकवणारा याहून चांगला पाठ शोधून सापडायचा नाही.

पलटणींच्या नावांचाही असाच घोळ आहे. १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सगळ्या मराठा पलटणी एकाच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. घरात आजोबा ‘मराठा पलटणीत’ होते एवढंच सांगितलं जातं. कोणत्या, हे कळलं तर ते कुत होतं, इटली होती की ब्रह्मदेश, हे उलगडतं.

आणि ते कळण्याची एक जागा घरातच असते, पेटीच्या तळाशी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची कड भिंगाखाली धरली तर तिच्यावर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली दिसते. पदकाच्या तोंडावर राजाचं चित्र असतं म्हणून लोक तेच बघतात, कडेकडे कुणी पाहत नाही. हे पदक चांदीचं. घरात अडचण आली की चांदी सराफाकडे जाते, आणि त्याबरोबर त्या माणसाचा एकमेव लेखी पुरावा वितळून जातो. मजूर पलटणीतल्या माणसांना हेच पदक चांदीऐवजी काशाचं मिळालं. त्याला मोल येत नसल्यामुळे ते कदाचित अजून कुठे तरी शिल्लक असेल. जो मेला त्याच्या घरी जवळपास तळहाताएवढी काशाची गोल तबकडी यायची. तिच्यावर त्याचं नाव उठावात असे, हुद्दा नसे. अशी वस्तू कुणाच्या घरात असेल तर ती मागून शाळेत ठेवायची गरज नाही. फोटो काढावा, कडेवरची अक्षरं टिपून घ्यावीत आणि वस्तू त्या घराला परत द्यावी.

सरकारी कागद हाही एक रस्ता. शाळेचं जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४: हे शब्द २०२३ पर्यंत तलाठी आणि मुख्याध्यापकांपलीकडे फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. मग कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तालुक्यातालुक्यात जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली आणि लाखो नोंदी सापडल्या. मनावर घेतलं की शंभर वर्षांपूर्वीचा कागद महिन्याभरात मिळतो, हे महाराष्ट्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सैनिकांसाठी या दप्तरांचा उपयोग जरा वेगळा. १९१४ च्या शिपायांतले बरेच जण शाळेची पायरी चढलेच नसतील, आणि परदेशात मेलेल्याची नोंद गावच्या मृत्युरजिस्टरात सापडेलच असं नाही. पण यादीतलं ‘अमुक बिन तमुक’ गावातल्या कोणत्या घराचं, हे जुळवायला हेच कागद लागतील. दुसऱ्या महायुद्धापासून पुढे तर शाळेचं रजिस्टर थेट कामाला येईल.

असं काम इतरत्र झालेलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी सैनिकांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं पडून होती. ब्रिटनमधल्या पंजाबी वारशाचं काम करणाऱ्या संस्थेने आणि ग्रिनिच विद्यापीठाने ती संगणकावर आणायला घेतली. सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या या नोंदी २०२१ पासून लोकांना खुल्या होऊ लागल्या, आणि परदेशी स्थायिक झालेली शीख कुटुंबं आपल्या पणजोबांची नावं त्यांत शोधू लागली. इटलीतल्या मोंटोने या छोट्या गावाने २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मराठा जवान १० जुलै १९४४ ला त्या खोऱ्यात पडला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्याची कबर सापडलेली नाही. आपल्याकडे साताऱ्याजवळचं अपशिंगे पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं गाव म्हणून सगळ्या राज्याला ठाऊक आहे, कारण ‘मिलिटरी’ हा शब्द थेट त्या गावाच्या नावालाच जोडला गेला आहे.

शाळा गावाच्या उपयोगी पडावी हा विचारही शिरूर तालुक्यात परका नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच पायावर. मुलांनी गावाला लागणारी कामं करत शिकावं. वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी तर गावकऱ्यांनी जमीन दिली. सविंदण्याच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या एका मोठ्या संग्रहात नोंदल्या गेल्या आहेत. राज्यभरातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवणारं ते काम हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी वर्षानुवर्षं घराघरांत बसून केलं. ज्या तालुक्यात हे सगळं होतं तिथे सैनिकांची यादी होणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

यादी कुणाची, यावर मात्र आधीच स्वच्छ बोलायला हवं. लढाईवर फक्त बंदूकवाला जात नाही. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे पखालजी, स्वयंपाकी, डोलीवाले, रस्ते आणि रूळ टाकणारे मजूर हेही त्याच बोटीतून गेले आणि त्याच तापाने मेले. महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकात इंग्रजांनीच बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडलीही. या माणसांची घरं गावाच्या ज्या बाजूला आहेत तिथे मुलांनी आधी जावं. मराठा, महार, मांग, रामोशी, धनगर, मुसलमान, ज्याचा माणूस गेला त्याचं नाव यादीत यायला हवं आणि ते अकारविल्हे यायला हवं, म्हणजे कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली हा वादच उरणार नाही. आझाद हिंद सेनेत गेलेला असेल तर तोही याच यादीत.

‘ते तर इंग्रजांसाठी लढले’ असा आक्षेप निघेलच. तो खराही आहे. पण कोरडवाहू रानातून, सावकाराच्या देण्यातून ११ रुपयांसाठी बसऱ्याच्या बोटीत चढलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला साम्राज्याचा हिशेब विचारणं हा न्याय नाही. साम्राज्याला शिव्या द्याव्यात, पाठ्यपुस्तकांत त्या आहेतच. तो का गेला, हा प्रश्न मुलांनी विचारावा आणि त्याचं उत्तर पाऊसपाणी, कर्ज, घरातली तोंडं आणि पलटणीची इभ्रत यांत शोधावं. त्यासाठी आधी त्याचं नाव तरी माहीत हवं.

शिक्षकांची तक्रार अधिक वजनदार आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, निवडणुकीची कामं यांतून शिकवायला वेळ उरत नाही, त्यात आणखी एक उपक्रम कशाला? म्हणूनच हे नवं ओझं असता कामा नये. संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांचा ‘वीर गाथा’ उपक्रम २०२१ पासून चालू आहे. शौर्यपदक विजेत्यांवर मुलं निबंध, कविता, चित्रं करतात. तो वेळ शाळा देतातच. पण खेड्यातला मुलगा परमवीरचक्र विजेत्याची माहिती मोबाइलवरून उतरवून काढतो आणि शेजारच्या गल्लीतल्या वीरमातेच्या घरी कधी जात नाही, ही त्यातली मोठी उणीव. २०२३ च्या ‘मेरी माटी, मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलकही बसले. ते फलक उभे आहेत, त्यांवरची नावं तपासायची आणि राहिलेली भरायची, हे काम शाळेने का करू नये?

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांची नावं मिळणं सोपं आहे. १९६२, १९६५, १९७१, कारगिल आणि मधल्या सगळ्या चकमकींतले शहीद दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या भिंतींवर नावानिशी आहेत. पुण्यात घोरपडीचं युद्धस्मारक तर नागरिकांच्या वर्गणीतून १९९८ मध्ये उभं राहिलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिक आणि वीरपत्नींची माहिती असते, आणि दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, म्हणजे वर्दीतली माणसं गावात रोज दिसतात. इथे काळजी वेगळी घ्यावी लागेल. ज्या घरातलं दुःख अजून ओलं आहे तिथे मुलांनी वही घेऊन धडकू नये. आधी शिक्षकांनी जावं, घरच्यांना विचारावं, आणि ते नको म्हणाले तर नुसतं नाव लिहून थांबावं. वीरपत्नीला पंधरा ऑगस्टला खुर्चीवर बसवून शाल घालायची आणि वर्षभर तिचा रेशनचा, पेन्शनचा प्रश्न कुणी विचारायचा नाही, हे तर थांबायलाच हवं. मोठ्या वर्गातल्या मुलांना तिचा एखादा अर्ज भरून देता आला तरी तो या उपक्रमाचाच भाग धरावा.

पुणे जिल्हा परिषदेने यासाठी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. या कामाला ‘वीर गाथा’चाच उपक्रम म्हणून मान्यता द्यावी. शिरूर आणि दौंडच्या पंचायत समित्यांत मोडी वाचणारा एक एक माणूस वर्षभरासाठी नेमावा. जुनी रजिस्टरं स्कॅन करून मूळ प्रती कुलपात ठेवाव्यात. पहिल्या महायुद्धाच्या फरशा आज कुठे कुठे आहेत याची फोटोसकट नोंद करावी, म्हणजे पुढच्या रस्तारुंदीत त्या राडारोड्यात जाणार नाहीत. गावांनी पुराव्यानिशी शोधलेली नवी नावं वॉर ग्रेव्हज कमिशनकडे एकत्र पाठवावीत. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, आणि कुतचा वेढा पडला तोही ७ डिसेंबरच. त्या दिवशी प्रत्येक गावाने कच्ची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कुणाचं आडनाव चुकलं असेल, कुणाचा चुलता राहून गेला असेल, तर ते सांगणारी माणसं तिथे समोरच बसलेली असतील. पक्की यादी दगडावर घालण्याचं पुढच्या वर्षी बघता येईल.